थांबण्याची मजुरी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं इंजिनाच्या हेड दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. लोकांची घाई हेच माझं उत्पन्न, हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे लिहितोय ते गॅरेजवाल्यांनी आणि गाडीमालकांनी मनावर घेतलं, तर माझ्याकडची बरीच कामं बंद होतील. तरी लिहितोय, कारण चांगली हेडं फुकट जाताना बघवत नाहीत.

बहुतेक वेळा गोष्ट एकाच पद्धतीची असते. निवृत्त शिक्षकाची किंवा बँकेतल्या माणसाची जुनी मारुती ८००. पोरं पुण्याला किंवा परदेशात, गाडी महिनोन्‌महिने दारात उभी. कधीतरी बाहेर काढली की मिसिंग मारते, म्हणून गॅरेजला जाते. तीनपैकी दोन स्पार्क प्लग निघतात, तिसरा हलत नाही. मालक शेजारी उभा राहून घड्याळ बघतो. गॅरेजातलं पोरगं पान्याच्या दांड्यात पाइप घालतं आणि अंगाचं वजन टाकतं. मग एक तर प्लगचं डोकं तुटून हातात येतं आणि बूड आत राहतं, नाहीतर हेडचे आटे स्प्रिंगसारखे प्लगभोवती गुंडाळून बाहेर येतात. दीडशे रुपयांच्या आतबाहेरच्या प्लगपायी हेड उतरवावं लागतं. नवं गॅस्केट, तळ घासणं, कूलंट आणि दोन-तीन दिवसांची खोटी.

प्लग अडकतो का? प्लगचं अंग पोलादी, हेड ॲल्युमिनियमचं. दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि त्यात आमच्याकडच्या पावसाची ओल. मग ॲल्युमिनियम खात जातं आणि आट्यांत पांढरी भुकटी धरते. आतल्या बाजूने शेवटच्या आट्यांवर काजळी बसते. शिवाय तापल्यावर ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. गरम इंजिनात कचकावून आवळलेला प्लग इंजिन गार झालं की हेडच्या मुठीत सापडतो. आणखी एक कारण मला वारंवार दिसतं ते आखूड प्लगचं. दुकानात जो मिळाला तो बसवला, आटे १४ मिलिमीटरचेच म्हणून बसलाही. पण लांबी कमी, म्हणून हेडचे खालचे आटे उघडे राहतात आणि त्यांत कोळसा भरतो. पुढच्या वेळी योग्य लांबीचा प्लग लावला की तो त्या कोळशात घुसून रुततो. लांबीला जास्त प्लग लावला तर उलटं होतं. त्याचेच आटे आत लोंबकळतात, त्यांच्यावर काजळी चढते आणि तो मागे येताना हेड ओरबाडत येतो.

यावरचा उपाय प्रत्येक मिस्त्रीला माहीत आहे. आधी प्लगभोवतीची माती हवेने उडवायची, नाहीतर खडा थेट सिलिंडरमध्ये. इंजिन पूर्ण गार असू द्यायचं, कारण गरम हेडचे आटे लवकर उपटतात. गंज सोडवणारं तेल बुडाशी सोडायचं. निम्मी गॅरेजं त्याऐवजी रॉकेल वापरतात, नसण्यापेक्षा बरं. प्लग पाव फेरा सैल व्हायला लागला आणि करकरला की तिथेच थांबून पुन्हा आत फिरवायचा. मग परत तेल, परत थोडा सैल. तरी दाद देत नसेल तर गाडी रात्रभर तशीच ठेवायची. सकाळीही हलला नाही तर इंजिन हात टेकवता येईल इतकंच कोमट करून बघायचं. यात अवघड असं काही नाही, फक्त वेळ लागतो. आणि या वेळेचे पैसे कोणी देत नाही.

अमेरिकेत फोर्डच्या २००४ ते २००८ च्या एफ-१५० ट्रकमध्ये ५.४ लिटरचं तीन-व्हॉल्व्हचं इंजिन यायचं. त्याचा प्लग दोन तुकड्यांचा, खालचा भाग लांब आणि बारीक. तो भाग काजळीने हेडमध्ये चिकटायचा आणि काढताना तुटायचा. इतके तुटले की कंपनीने मेकॅनिकांना कामाची पद्धतच लिहून कळवली: किंचित सैल करा, कार्बोरेटर क्लीनर ओता, थांबा, मग पुढे-मागे फिरवत काढा. एवढी मोठी कंपनी ‘थांबा’ असं कागदावर लिहून देते. आपल्याकडे तेच मिस्त्रीने तोंडी सांगितलं तर मालकाला वाटतं, याला काम येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की बिलात ‘प्लग भिजत ठेवणे, एक रात्र’ अशी वेगळी ओळ असावी. गाडी रात्रभर जागा अडवते, दुसरं काम परत जातं, भाडं आणि पोराची मजुरी काही थांबत नाही. आपण सुट्या भागाचे पैसे तक्रार न करता देतो, कारण तो हातात घेऊन बघता येतो. थांबण्याचे तीनशे मागितले की वाद. मग मिस्त्री पाइप लावेल नाहीतर काय करेल? कंपनीच्या सर्व्हिस सेंटरांत तर प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात. अडलेला प्लग त्यात कसा बसणार?

दुसरी गोष्ट मालकांसाठी. प्लग बदलायचे नसले तरी वर्षातून एकदा काढून, पुसून, परत लावा. पूर्वी दहा हजार किलोमीटरच्या आसपास ते साफ करायची पद्धतच होती, म्हणून ते सुटे राहायचे. आता लाखभर किलोमीटर चालणारे इरिडियमचे प्लग आले, तेव्हापासून झाकण उघडून बघायचंच बंद झालं. नव्या घडणीच्या इंजिनांत प्लग हेडच्या मधोमध खोल खड्ड्यात असतात. तिथे पाणी किंवा गळकं तेल साचून राहिलं तरी कुणाला कळत नाही. परत लावताना प्लग बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे. नवा असेल तर वॉशर टेकल्यावर पान्याने अर्धा ते पाऊण फेऱ्याच्या आत थांबायचं. तो कचकावण्यात कसला पराक्रम?

जुन्या गाड्या धूर ओकतात, त्या भंगारात गेल्याच पाहिजेत, असं म्हणणारे आहेत. काही खरंच जायला हव्यात. पण एक प्लग पेटत नसला की न जळलेलं पेट्रोल सरळ सायलेन्सरमधून बाहेर पडतं आणि धड इंजिनाची गाडीही पीयूसीत अडकते. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. त्यात तुटलेल्या प्लगपायी हेडचं बिल आलं की मालक भंगारवाल्याचा नंबर शोधतो. त्याचं गणित चुकीचंही नसतं.

हेड माझ्याकडे आलंच तर आटे मोठे करून त्यात स्टेनलेस तारेची वेटोळी बसवतो. ती मूळ ॲल्युमिनियमपेक्षा मजबूत असतात. काही जण हेड न उतरवता गाडीवरच टॅप मारायला सांगतात. टॅपला ग्रीस फासून, चुरा धरत तसं करता येतं, पण शक्यतो मी नाही म्हणतो. आणि हेड आणताना तुटलेला प्लगही आणा. पोरं तो हमखास फेकून देतात. आट्यांत पांढरी भुकटी आहे, कोळसा आहे की चकचकीत ॲल्युमिनियम, हे दिसलं की उरलेले प्लग काढताना काय करायचं ते मला कळतं.