नुरा म्हणता, पण खुराक घातलाय का कुणाला?

मे महिन्याच्या सुट्टीत जपानला जाऊन आलो. धाकटी बहीण तोक्योच्या निशी-कासाई भागात राहते. तिथे आपली माणसं इतकी आहेत की दुकानात तूरडाळ मागायला लाज वाटत नाही. शाळा सुरू झाल्यावर स्टाफरूममध्ये फोटो फिरले. ट्रेन, देवळं, स्वच्छ रस्ते, सगळ्यांनी माना डोलावल्या. मग एक फोटो आला. लांबलचक टेबल, त्यावर ताटल्या आणि ग्लास, माझ्या एका बाजूला मेव्हणा, दुसऱ्या बाजूला मुखवटा घातलेला एक माणूस आणि समोर रुंद मानेचा, मोडलेल्या कानांचा दुसरा.

"हे कोण, सर?"

"पैलवान. तिथले लोकल प्रो-रेसलिंगवाले."

एक सहकारी हसून म्हणाले, "नुरा कुस्तीवाल्यांबरोबर जेवायला जपानपर्यंत गेलात होय?" दुसरे जरा जवळ सरकून हळूच म्हणाले, "सर, वो टेबल पे बोतल है ना?" तेवढ्यात तासाची घंटा झाली आणि दोघांनाही उत्तर द्यायचं राहिलं. ते आता देतो. उत्तर लांब आहे, कारण प्रश्न विचारणाऱ्यांनी ते दोन सेकंदांत विचारले.

आधी हे लोक कोण ते सांगतो. मेव्हणा सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि या खेळाचा वेडा आहे. माझंही बालपण डब्ल्यूडब्ल्यूएफच्या पत्त्यांवर गेलं, उंची-वजन-छाती ओरडत आम्ही वर्गात पत्ते हरायचो आणि मास्तरांचा मार खायचो. पण जपानी कुस्ती म्हणजे टीव्हीवरची ती अमेरिकन सर्कस नाही. तिथे मोठ्या कंपन्या आहेत, आणि त्यांच्या खाली गावोगावी छोट्या मंडळ्या आहेत. 1993 मध्ये ग्रेट सासुके नावाच्या मुखवटेवाल्याने उत्तरेकडच्या तोहोकू भागात मिचिनोकू प्रो सुरू केली. राजधानीत नाव काढायचं सोडून आपल्याच मुलखातल्या जिम्नॅशियममध्ये लढायचं, ही वाट तिने दाखवली. पुढे ओसाका, क्यूशू, ओकिनावा अशा ठिकाणी आपापले पैलवान उभे राहिले. हाच सासुके 2003 मध्ये इवाते प्रांताच्या विधानसभेवर निवडून आला आणि मुखवटा घालूनच सभागृहात बसला. लोकांनी मत मुखवट्याला दिलं होतं, तो काढायचा कसा?

आम्ही गेलो ती मंडळी अशीच लहान. सामना शिन-किबाच्या फर्स्ट रिंगमध्ये होता. गोदामांच्या वस्तीतलं ते छोटं सभागृह, पहिल्या रांगेत बसलं तर पैलवानाचा घाम अंगावर उडतो. दाराशी ज्याने आमचं तिकीट फाडलं तोच पोरगा तिसऱ्या लढतीत आपटला जात होता. सगळं संपल्यावर तोच पाना घेऊन रिंगचे दोर सोडवत होता. दोर सुटले, गादी उचलली, तेव्हा खाली लोखंडी चौकट आणि लाकडी फळ्या दिसल्या. गादी बोटभर जाडीची. त्यावर माणूस उंचावरून पाठीवर पडतो. हे सगळं "खोटं".

आमच्याकडे हा शब्द फार स्वस्त झालाय. निकाल आधी ठरला म्हणजे नुरा, आणि नुरा म्हणजे फसवणूक. कबूल, निकाल ठरलेला असतो. तिथल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत असतं. फसवणूक व्हायला निदान एक तरी फसलेला माणूस लागतो ना? तिथे कुणी पैज लावत नाही, कुणी मानाची गदा ढापत नाही. नाटकात मेलेला नट पडदा पडल्यावर उठतो म्हणून आपण पैसे परत मागत नाही. शिवाय नट पडतो तेव्हा त्याची मान मोडत नाही. 13 जून 2009 ला हिरोशिमात मित्सुहारू मिसावा पाठीमागून उचलून आपटला गेला. तो रोज खाई तसलाच डाव होता. तो उठलाच नाही. वय 46. 4 मे 2017 ला तोयोनाकामध्ये योशिहिरो ताकायामा एक साधा डाव टाकताना मानेवर पडला आणि खांद्याखालचं शरीर निकामी झालं. निकाल ठरलेला होता, पण मणका कुणी ठरवला होता?

आणि नुरा-खरं असा हिशेब मांडणाऱ्यांनी आपल्याच थोरल्यांना अंतोनियो इनोकीबद्दल विचारावं. 1976 च्या डिसेंबरात कराचीत याच "खोट्या" कुस्तीतला इनोकी अक्रम पैलवानाशी भिडला आणि अक्रमचा हात निकामी करून गेला. अक्रम म्हणजे इमामबक्षचा मुलगा, गामाचा पुतण्या. इमामबक्ष खासबागेत लढून गेल्याच्या गोष्टी कोल्हापुरात अजून सांगतात. म्हणजे नातं काही अगदीच परकं नाही. पुढे 1979 मध्ये लाहोरला त्याच घराण्यातला पोरगा झारा इनोकीसमोर उभा राहिला, कुस्ती बरोबरीत सुटली आणि इनोकीने स्वतः झाराचा हात वर केला. आमच्या अब्बांना ही गोष्ट तोंडपाठ होती. नुरा हा शब्दही त्यांना चांगला ठाऊक होता, पण इनोकीला तो त्यांनी कधी लावला नाही.

आता पार्टी. सामन्यानंतर जवळच्याच एका खानावळीचा वरचा मजला घेतला होता. माणशी पाच हजार येन, म्हणजे आपले साधारण पावणेतीन हजार रुपये. दहाबारा पैलवान आणि तीसेक प्रेक्षक. व्यासपीठ नाही, हारतुरे नाहीत, भाषण एकच आणि तेही मिनिटभराचं. पैलवान दर थोड्या वेळाने टेबल बदलत होते, म्हणजे प्रत्येकाजवळ प्रत्येकाने बसावं. एक आजीबाई होत्या, त्या म्हणे दर सामन्याला येतात. त्यांनी मुखवटेवाल्याला भर पार्टीत झापलं, तुझा गुडघा दुखतोय आणि तू दोरावरून उडी का मारलीस म्हणून. तो मुखवट्याआडून "हो, हो" करत मान खाली घालून ऐकत होता. माझ्या मेव्हण्याने आदल्या रात्री जागून रंगीत कागदी फितींची भेंडोळी सोडवून पुन्हा गुंडाळली होती. ती पैलवानाच्या नावाचा पुकारा झाला की रिंगमध्ये फेकतात. पण भेंडोळ्यातला पुठ्ठ्याचा गाभा आधी काढायचा असतो, नाहीतर कुणाच्या डोक्याला लागेल. फेकण्याच्या आनंदाआधी ही एवढी काळजी. मी वीस वर्षं मुलांना शिष्टाचार शिकवतोय, मला तो गाभा काढणं फार आवडलं.

माझ्यासमोर मोडक्या कानांचा बसला होता. पंचेचाळिशीचा, माझ्याच वयाचा. छातीवर पंजांचे लाल वळ अजून ताजे होते. मान वळत नव्हती, बाजूच्याशी बोलायला अख्खा माणूस वळायचा. दिवसा तो सामान पोचवण्याचं काम करतो. त्याने मेव्हण्यामार्फत विचारलं, तुमच्याकडे मातीत लढतात ते खरं का? मी सांगितलं, लाल माती, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालतात. त्याने दोनदा विचारून घेतलं, ताक? मातीत? मग हसत म्हणाला, आमच्या फळ्यांवर पण घालून बघायला हवं.

तिथे रीत अशी की आपला ग्लास आपण भरायचा नाही, शेजाऱ्याने भरायचा. इथे माझी पंचाईत झाली. माझ्या ग्लासात ऊलोंग चहा होता, ते सोपं. पण समोरच्याला बियर ओतून द्यायची? मी नुसता चुळबुळत होतो. त्याने आपला ग्लास पुढे केला, तर त्यातही चहाच. रात्री रिंगचा ट्रक त्यालाच चालवायचा होता आणि तिकडे दारूचा एक घोट घेऊन गाडी चालवणं म्हणजे लायसन्स गेलं समजा. मग आम्ही दोघांनी एकमेकांना चहा ओतला. बोतल मोजणाऱ्या माझ्या मित्राला एवढंच सांगतो: टेबलावर बोतल होती, माझ्या ग्लासात नव्हती. आपल्या लग्नांच्या मांडवामागे काय चालतं ते तुम्हालाही माहीत आहे, तरी बिर्याणी खायला आपण जातोच.

यात सगळं गोड होतं असं मी म्हणणार नाही. एक गृहस्थ दोन-तीन ग्लासांनंतर एका तरुण पैलवान मुलीच्या शेजारून उठेचनात. ती हसत होती, पण तसं हसू मला वर्गातून ओळखता येतं. पाच हजार येनमध्ये जेवण मिळतं, शेजार मिळतो. माणूस विकत मिळत नाही. हे न कळणारे तिथेही आहेत. तेवढ्यात हा मोडक्या कानांचा उठला आणि काही न बोलता त्या दोघांच्या मधोमध जाऊन बसला. त्याच्या खांद्यांपुढे त्या गृहस्थांना मुलगी दिसेचना. अशा पार्ट्यांवर टीका करणाऱ्यांचा हा मुद्दा मला मान्य आहे. रोजगारासाठी हसावं लागणं हे बायकांच्या वाट्याला जास्त येतं.

पण मग लांब राहण्याने काय होतं तेही बघा. जपानी कुस्तीचा पहिला देव रिकिदोझान. 1954 पासून रस्त्यांवर मांडलेल्या टीव्हीसमोर हजारोंनी लोक उभे राहून त्याला बघायचे. गोऱ्यांना आपटणारा अस्सल जपानी म्हणून त्याला डोक्यावर घेतलं. तो जन्माने कोरियन होता, आणि तो जिवंत असेपर्यंत हे उघड बोलायची सोय नव्हती. 1963 च्या डिसेंबरात सुरी लागून तो गेला. ज्याच्यावर अख्ख्या देशाने प्रेम केलं, त्याचं नाव-गाव देशाला माहीत नव्हतं. याला प्रेम म्हणायचं तर म्हणा.

दुसरी हाना किमुरा. पैलवान आईची पैलवान मुलगी. टीव्हीवरच्या एका रिॲलिटी शोमध्ये तिचं एक साधं भांडण दाखवलं, आणि तिला कधी समोर न पाहिलेल्यांनी फोनवरून तिच्यावर घाण ओतली. रिंगमध्ये ती आडदांड खलनायिका होती, तेवढंच त्यांना ठाऊक. 23 मे 2020 ला तिने स्वतःला संपवलं. वय 22. त्यानंतर 2022 मध्ये जपानने अपमानाच्या गुन्ह्याची शिक्षा वाढवून एक वर्षापर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड अशी केली. कायदा झाला, चांगलं झालं. पण मला त्या आजीबाई आठवतात. गुडघ्यावरून झापणारी ती बाई रात्री घरी जाऊन त्याच माणसाला "मर" असं लिहील का? तिने त्याला घास गिळताना पाहिलंय. ज्यांनी लिहिलं त्यांना तो पडद्यावरचा एक मुखवटा होता, आणि मुखवट्याला लागत नाही असं वाटणं फार सोपं असतं.

ताकायामा पडल्यावर त्याच्या उपचारांसाठी त्याच वर्षी निधी उभा राहिला, ताकायामानिया नावाने. इतर कंपन्यांचे पैलवान त्यासाठी लढले, प्रेक्षकांनी पेटीत पैसे टाकले. आपल्याकडे याला एक शब्द होता. खुराक. गावात चांगला पोरगा निघाला की त्याला कुणी दूध लावायचं, कुणी बदाम, कुणी तूप. उरुसाच्या मैदानात जिंकलेला गडी हलगीच्या तालावर फेरी मारायचा आणि लोक त्याच्या मातकट हातात नोट द्यायचे. अब्बांनी माझ्या हातून दिलेली दहाची नोट मला आठवते, आणि त्या पैलवानाची मऊ न राहिलेली बोटंही.

आता मैदानाला गेलो की काय दिसतं? पुढे सोफे, सोफ्यांवर पाहुणे, पाहुण्यांमागे त्यांचे फोटो काढणारे, त्यांच्या पाठीमागे आम्ही, आणि या सगळ्यांच्या पलीकडे दोन पोरं लढताहेत. अर्ध्या लढती पाहुण्यांच्या सत्कारासाठी थांबवतात. फ्लेक्सवर पैलवानाचा फोटो तिकिटाएवढा, आमदारांचा दरवाजाएवढा. नंबर एकची कुस्ती संपली की गर्दी पार्किंगकडे पळते. हरलेला पोरगा कुठे जेवतो हे आपल्यापैकी कुणी विचारलंय? माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने खांदा उखडल्यावर तालीम सोडली. तो आता रिक्षा चालवतो, हे मला दोन वर्षांनी कळलं, तेही त्याच्याच रिक्षात बसल्यावर. पैसे घेत नव्हता. मी जबरदस्तीने दिले आणि खुराक घातल्यासारखं स्वतःला बरं वाटून घेतलं.

म्हणून स्टाफरूममधल्या माझ्या मित्राला विचारायचंय, खरी कुस्ती तुम्हाला एवढी प्रिय आहे ना? मग गेल्या पाच वर्षांत कुठल्या पैलवानाच्या दुधाचे पैसे दिलेत? एकाचं तरी नाव सांगा. मी सांगू शकत नाही, हे आधीच कबूल करतो. पण मी त्या नुरावाल्यांवर हसतही नाही.

पार्टी रात्री साडेदहाला उठली. जिना उतरून खाली आलो तर तिकीट फाडणारा पोरगा ट्रकच्या मागे फळ्या नीट लागल्यात का बघत होता. मोडक्या कानांचा वर चढून स्टिअरिंगवर बसला, अख्खा वळला आणि खिडकीतून हात काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या गावी सामना होता. मेव्हणा म्हणाला, "भाईजान, अडीच तासांचा रस्ता आहे. आधी हा घरी जाऊन झोपेल की वाटेत कुठे, कुणास ठाऊक."