भीमबेटकाच्या पायाखालची माती

मा. महासंचालक,
भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण, नवी दिल्ली



भीमबेटकाला जाऊन आलेला माणूस मान वर करून पाहिलेले तेवढे सांगतो : गेरूने काढलेले प्राणी, पांढऱ्या रंगातले घोडेस्वार, शिकारी. चित्रे आहेतच तशी. अभ्यासकांचीही नजर वरच जाते. २०२१ मध्ये तिथल्या एका शैलाश्रयाच्या छताजवळ कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या जीवाचा ठसा सापडल्याचे जाहीर झाले, आणि दोन वर्षांत ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष ठरले. माझी विनंती मात्र जमिनीविषयी आहे.

वीरेंद्रनाथ मिश्र यांनी पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे १९७० च्या दशकात तीन-एफ-२३ हा शैलाश्रय खणला. तळाशी पूर्व पुराश्मयुगाच्या अश्यूलियन काळातल्या क्वार्ट्झाइटच्या हातकुऱ्हाडी आणि फरशीकुऱ्हाडी, त्यावर मध्य व उत्तर पुराश्मयुगाचे थर, सर्वांत वर मध्याश्मयुगातली कॅल्सेडनीची इवली पाती. चपटे दगड पसरून केलेली जमीनही मिळाली. एकाच छपराखाली माणसे पिढ्यानपिढ्या बसली, दगड फोडत राहिली, हे चित्रांवरून कळत नाही; थरांवरून कळते. पुसट झालेल्या चित्राची जुनी नक्कल तरी हाती असते. थर एकदा उकरला की त्यातला क्रम कायमचा गेला.

हा डोंगर विंध्यातल्या सागवानी जंगलाचा भाग आहे. डिसेंबर २०२४ मध्ये या जंगलात रातापानी व्याघ्र प्रकल्प झाला आणि त्याला विष्णू श्रीधर वाकणकरांचे नाव मिळाले. १९५७ साली रेल्वेतून दिसलेल्या खडकांचा माग काढत हे नीमचचे मराठी पुरातत्त्वज्ञ इथे पोचले होते, नाव शोभते. पण व्याघ्र प्रकल्प म्हटला की पाणवठे, जाळरेषा, चौक्या, गस्तीचे रस्ते आले, आणि ही सगळी कामे मातीतच होतात. कायदा संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटर प्रतिबंधित आणि पुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आखतो. सात टेकड्यांवर सातशेहून अधिक शैलाश्रय पसरलेले असताना, यादीत नसलेल्या, चित्र नसलेल्या एखाद्या ओसाड कपारीसाठी हे अंतर कुठून मोजायचे?

म्हणून तीन गोष्टी कराव्यात. वन विभागाशी लेखी करार करून, जागतिक वारसा क्षेत्राबाहेरच्या टेकड्यांवरही कुदळ लागण्याआधी पुरातत्त्वज्ञाने ती जागा पायी पाहून यावी. वनरक्षकांना ठसे ओळखायला शिकवतात, तसे घडवलेले दगडही दाखवावेत. जंगलात रोज फिरणारी माणसे तीच. आणि तीन-एफ-२३ च्या थरांचे खऱ्या मापाचे रेखाचित्र पर्यटकांच्या वाटेवर उभे करावे. खर्च फारसा नाही. बांधकाम तर अजिबात नको. सिमेंटचा ओटा घालून त्यावर ‘प्रागैतिहासिक जमीन’ अशी पाटी लावण्याचा मोह कोणाला झाला, तर तो कृपया आवरावा.

कळावे,
एक वाचक