द्राक्ष बागायतदारांचा संघ आणि तुमचे विज्ञान मंडळ

तुमच्या शाळेत विज्ञान मंडळ असेलच. पावसाळ्यात त्याचे उद्घाटन होते, पाहुण्यांचे भाषण होते, आणि डिसेंबरात प्रदर्शन जवळ आले की ज्वालामुखीची जुनी प्रतिकृती माळ्यावरून खाली उतरते. प्रदर्शन संपले की मंडळही झोपी जाते. शिक्षक म्हणतात, मुलांना रस नाही. मुले म्हणतात, तेच तेच असते. माझ्या मते मुलांचे म्हणणे अधिक बरोबर आहे. यंदा तुम्हांला काय जाणून घ्यायचे आहे, असे त्यांना कुणी विचारलेलेच नसते.

याच्या अगदी उलट, सभासदांच्या प्रश्नांनी जिला कधी स्वस्थ बसू दिले नाही अशी एक संस्था आहे. तिच्या नावात 'विज्ञान' हा शब्दसुद्धा नाही. ती म्हणजे महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ. १९६० च्या सुमारास तो स्थापन झाला. मुख्य कार्यालय पुण्याजवळ मांजरी येथे, आणि नाशिक, पुणे, सांगली व सोलापूर असे चार विभाग. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव बसवंत या भागांत राहणाऱ्या वाचकांच्या घरी संघाचे 'द्राक्षवृत्त' हे मासिक येतही असेल.

आरंभीचा प्रश्न साधा होता: बिनबियांच्या द्राक्षाचा मणी इतका लहान का? फळ मोठे होण्यासाठी लागणारी संप्रेरके बऱ्याच अंशी बियांत तयार होतात. थॉमसन सीडलेस या जातीत बीच नाही, तेव्हा मणी बारीक राहतो. हे संप्रेरक बाहेरून दिले तर? जपानमध्ये भाताला एक चमत्कारिक रोग होत असे. रोपे वेड्यासारखी उंच वाढत आणि कोलमडत. १९२६ साली कुरोसावा या शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, हा प्रताप एका बुरशीतून पाझरणाऱ्या द्रव्याचा आहे. तेच पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले, आणि भाताला आडवे करणारे हे द्रव्य द्राक्षाच्या मण्याला मात्र वरदान ठरले.

पण किती द्यायचे? दहा लाख भाग पाण्यात किती भाग? फुलोऱ्यानंतर कितव्या दिवशी घड बुडवायचा? हे पुस्तकात वाचून भागत नाही, कारण निफाडची थंडी वेगळी आणि सोलापूरचे ऊन वेगळे. म्हणून एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी जवळ आली की चर्चासत्रे भरतात. शास्त्रज्ञ बोलतात, आणि मग शेतकरी उठून आपापल्या बागेतले आकडे सांगतात. मला त्यांतला हा दुसरा भाग अधिक मोलाचा वाटतो. या मंडळींनी नुसते ऐकलेही नाही. वसंतराव आर्वे यांनी सांगलीकडे आपल्या बागेतला वेगळा वेल हेरला, त्यातून 'तास-ए-गणेश' ही जात आली. नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' दिली.

मणी मोठा झाला, बागा वाढल्या, आणि प्रश्न बदलला. पाणी अपुरे पडू लागले, कित्येक ठिकाणी ते खारट निघाले. स्वतःच्या मुळांवर वाढणारा वेल तग धरीना. तेव्हा डॉगरिज या जंगली वंशाच्या खुंटावर कलम करण्याची पद्धत आली. हा खुंट टंचाई आणि क्षार दोन्ही सोसतो. मात्र त्याला जोर फार! वेलीची शक्ती पानाफांद्यांत जाते आणि घड कमी येतात. मग हा जोर आवरण्यासाठी क्लोरमेक्वाट नावाचे वाढरोधक फवारले जाऊ लागले. शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात.

दरम्यान १९९१ मध्ये 'महाग्रेप्स' ही संस्था उभी राहिली होती आणि आपली द्राक्षे युरोपात जात होती. २०१० साली तिथल्या तपासणीत नेमका हाच सीसीसीचा अंश मर्यादेपेक्षा अधिक सापडला. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे २० टन द्राक्षांत अवघा एक ग्रॅम. माल अडला, भाव कोसळले, अनेक शेतकरी कर्जात रुतले. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत हे द्रव्य तोवर नव्हतेच.

या साखळीकडे नीट पाहा. पाण्याच्या प्रश्नाला खुंट हे उत्तर मिळाले. खुंटामुळे जोराचा प्रश्न आला, जोराच्या उत्तरामुळे अंशाचा. सभासदांच्या गरजा काळाबरोबर बदलतात असे आपण म्हणतो, पण पुष्कळदा त्या आपल्याच कालच्या उत्तराने बदललेल्या असतात. 'आम्ही मणी मोठा करून दाखवला' एवढ्याच अभिमानावर संघ बसून राहिला असता, तर त्याची सभा हारतुऱ्यांपुरती उरली असती. आज त्याच व्यासपीठावर पाणी आणि नत्र मोजून देणे, शेंडा खुडून जोर आवरणे, फवारणीनंतर किती दिवस थांबावे, यांची चर्चा होते. अंश तपासणारी राष्ट्रीय प्रयोगशाळा मांजरीलाच, १९९७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात आहे.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. केवळ सभासद विचारतील त्याचे उत्तर देणे पुरेसे नाही. २०१० पूर्वी सभासदांचा प्रश्न होता, जोर कसा आवरू? 'हे द्रव्य मण्यात किती उरते?' हे विचारण्याचे काम संस्थांचे होते, आणि ते वेळेवर झाले नाही. त्याची किंमत शेतकऱ्याने मोजली.

आता तर प्रश्न आणखी निराळे आहेत. पूर्वी मित्राच्या बागेतून चांगल्या वेलीची काडी मागून आणता येई. परदेशांतील नव्या रंगीत जातींवर मालकी हक्क असतात, तेव्हा शेतकऱ्याला वनस्पतिशास्त्राइतकाच कायदाही समजून घ्यावा लागतो. दुसरा प्रश्न आभाळाचा. खरड छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांनी कोवळ्या काडीवरचा डोळा पुढे घड देणार की नुसती बाळी, हे ठरत असते, आणि त्यासाठी भरपूर ऊन लागते. २०२५ साली तर मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. बागेवर प्लॅस्टिकचे आच्छादन घालणे हा एक उपाय आहे, परंतु तो खर्चिक आहे. दोन एकरवाल्याचा प्रश्न सभेत मोठ्या निर्यातदाराच्या प्रश्नाइतकाच ऐकला जातो का, यावर मी तरी संघाची पुढची परीक्षा करीन.

आणि तुमच्या मंडळाचे काय? नाशिक जिल्ह्यातल्या शाळांत द्राक्षबागा असलेल्या घरांतली मुले वर्गावर्गांत बसतात. जूनमध्ये पहिल्या सभेला पाहुणे बोलावू नका. एक कोरी वही ठेवा आणि प्रत्येकाकडून घरातला एक प्रश्न लिहून घ्या. आभाळाचा प्रश्न आला, तर पर्जन्यमापक बसवा आणि रोज ऊन किती तास पडले तेही मांडून ठेवा. गोडी छाटणीनंतर घड मोजायला मिळतील, तेव्हा ही वही घेऊन बागेत जा. ज्वालामुखी यंदा माळ्यावरच राहिला तरी चालेल.