कागद आधी वाचा, सही मग करा



सुगी आटोपली की घराचा विषय निघतो. गावठाणातल्या घरांना २०२० सालच्या स्वामित्व योजनेतून मिळकत पत्रिका मिळू लागल्या. त्या आधारे घर तारण ठेवून कर्ज मागता येते. म्हणून आज या कर्जाविषयी दोन शब्द.

बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. कर्ज घेताना मात्र एकच विचारतो, "व्याज किती?" आणि तिथेच फसतो. समजा, दहा लाख रुपये कर्ज, नऊ टक्के व्याज, मुदत १५ वर्षे. महिन्याचा हप्ता १०,१४३ रुपये. पण प्रक्रिया शुल्क १०,०००, त्यावर जीएसटी १,८००, वकिलाचे ६,००० आणि विम्याचे ४०,००० रुपये आधीच कापून घेतले, तर हातात येतात ९,४२,२०० रुपये. हप्ता मात्र पुऱ्या दहा लाखांचा! हिशेब मांडला तर हे कर्ज नऊ नव्हे, दहा टक्क्यांना पडले.

हा हिशेब आता बँकेनेच मांडून द्यायचा आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. करार करण्याआधी कर्जदाराला माहितीपत्रक द्यायचे. बँकेत त्याला 'केएफएस' म्हणतात. व्याज, सगळे शुल्क आणि हप्त्यांचा तक्ता त्यात असतो. सगळा खर्च धरून पडणारा खरा वार्षिक दरही असतो. त्याला 'एपीआर' म्हणतात. जिल्हा मध्यवर्ती व नागरी सहकारी बँका आणि गृहकर्ज कंपन्याही या नियमात येतात. गावची पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते. तिथे सगळे शुल्क लेखी मागून घ्या.

तर बँकेत गेल्यावर एवढे करा :

१. माहितीपत्रक आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागा. तसे देणे आणि समजावून सांगणे हे बँकेचे काम आहे.

२. लगेच सही करू नका. विचाराला कामाचे किमान तीन दिवस मिळतात. तोवर बँकेला त्या अटी बदलता येत नाहीत. कागद घरी आणा. घरधनिणीला शेजारी बसवा आणि शाळेत जाणाऱ्या मुलाकडून मोठ्याने वाचून घ्या.

३. दोन बँकांची तुलना करताना नुसते व्याज पाहू नका, एपीआर पाहा.

४. विमा, वकील यांच्या नावाने पैसे घेतले तर पावती मागा. माहितीपत्रकात नसलेले शुल्क तुमच्या स्पष्ट संमतीवाचून पुढे कधीही लावता येत नाही. म्हणून कोऱ्या संमतीपत्रावर सही नको.

तरीही जादा पैसे कापले तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करून पोच घ्या. तीस दिवसांत दाद लागली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

आणि शेवटचा हप्ता फिटला की घराचे मूळ कागद तीस दिवसांत परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या चुकीने उशीर झाला, तर दर दिवसाला ५,००० रुपये भरपाई तिने द्यायची आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

घर एकदाच बांधतो आपण. हप्ते पंधरा वर्षे फेडतो. त्यापुढे तीन दिवसांचा विचार काही जास्त नाही.