मापानं केलेल्या कामाला जुगाड म्हणू नका

मंडळी, हल्ली जुन्या गाड्यांचे शौकीन वाढलेत. आनंद आहे. पण त्यांच्या तोंडी दोन शब्द सारखे असतात, आणि दोन्ही मला खटकतात. इंजिनातले सगळे भाग कारखान्यातून आले तसे असतील तर ते 'ओरिजिनल', आणि गॅरेजातल्या मिस्त्रीनं बदलले असतील तर 'जुगाड'!

आपली प्रीमियर पद्मिनीच घ्या. चार सिलिंडर, १०८९ सीसी, बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५. हीच मापं फियाटनं इटलीत १९३७ साली ५०८ सी या गाडीला दिली होती. मग ओरिजिनल कुठलं म्हणायचं? कुर्ल्याच्या कारखान्यातलं की तूरिनचं?

इंजिन झिजणार हे बनवणाऱ्यालाही ठाऊक असतं. म्हणून तर बोअर खाल्ला की रीबोअर करून ओव्हरसाइज पिस्टन घालतात. क्रँक झिजला की ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग घालतात. बोअर आणखी वाढवण्याजोगा उरला नाही, तर स्लीव्ह बसवून पुन्हा ६८ वर आणतात. हा जुगाड कसा? कोकणात दरवर्षी घरं शाकारतात, म्हणून घर बदललं असं कोणी म्हणतं का?

'बसतंय ना, मग घाला' म्हणणाऱ्यांचीही बाजू मी घेत नाही हं! ११०० डी हे नाव इटलीतही होतं, पण तिथलं इंजिन १२२१ सीसीचं, बोअर ७२. नाव तेच, पिस्टन मात्र चालणार नाही. कनेक्टिंग रॉड आणि त्याची कॅप एकत्र जोडूनच बोअर केलेली असतात. दुसऱ्याची कॅप तिसऱ्याला लावली तर बोल्ट निमूटपणे बसतात, पण गोलाई चुकते आणि बेअरिंग जातं. जुना कॅमशाफ्ट ठेवायचा असेल तर जुने टॅपेटही ज्याच्या त्याच्या जागीच गेले पाहिजेत. चांगला मिस्त्री इंजिन उघडतानाच पंचानं खुणा करतो आणि मायक्रोमीटर लावल्याशिवाय नवा भाग मागवत नाही. न मोजता बसवणं म्हणजे जुगाड. मोजून बसवणं ही विद्या आहे.

याच विद्येच्या जिवावर, उत्पादन थांबल्यानंतरही वीसेक वर्षं पद्मिनी टॅक्सी मुंबईत धावली. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिला थांबवलं ते टॅक्सीच्या वीस वर्षांच्या वयोमर्यादेनं, पिस्टननं नव्हे.

ज्यांना चकाचक बॉनेटखाली न फिरणारं ओरिजिनल इंजिन ठेवायचंय त्यांनी खुशाल ठेवावं. पण क्रँक ग्राइंड करणारे हात एकदा संपले, की सगळ्याच पद्मिनी शोभेच्या होतील. तेव्हा निदान त्या हातांना नावं तरी ठेवू नका.

असो. पटत नसेल तर जरूर भांडा, मी तयार आहे.