नांगर, पाणी आणि श्रावकधर्म



आपल्या समाजातील बहुतेक घराण्यांची कुळकथा एखाद्या स्थलांतरापासून सुरू होते. कोणाचे पूर्वज मारवाडातून आले, कोणाचे गुजरातेतून. सैतवाळ, बघेरवाल घराण्यांच्या आठवणी त्याहून जुन्या. वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक काढून ज्यांनी वऱ्हाडात दुकान मांडले, त्यांच्या गोष्टी आपण लग्नकार्यांत आणि पर्युषणाच्या दिवसांत पुष्कळ ऐकतो. शेताची गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. घराण्याच्या नावावर शेकडो एकर जमीन असली तरी ती ‘शेती आहे’ एवढ्याच शब्दांत आटोपते. या संकोचाचे कारण शोधावे, अशा हेतूने या महिन्यात एका स्थलांतरित शेतकरी घराण्याचा विचार करू.

राजस्थानातील आगोलाई हे जोधपूरच्या बाजूचे, वाळवंटी मुलखातील गाव. १८८७ च्या सुमारास तेथील एक जैन कुटुंब अन्नपाण्याच्या शोधात दक्षिणेस निघाले आणि अजिंठ्याच्या डोंगराच्या पायथ्याशी, जामनेर तालुक्यातील वाकोद या गावी स्थिरावले. बाजारपेठ पाहून गाव निवडणारे पुष्कळ असतात. या कुटुंबाने पाणी पाहून गाव निवडले. तेथे त्यांनी जमीन कसली. याच घराण्यात हिरालाल आणि गौराबाई या दांपत्याच्या पोटी १२ डिसेंबर १९३७ रोजी भवरलाल यांचा जन्म झाला. ठिबक सिंचनाच्या नळ्यांमुळे त्यांचे नाव आज महाराष्ट्रातील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे.

त्यांची चरित्रकथा पुष्कळांनी सांगितली आहे, म्हणून ती येथे थोडक्यात सांगतो. वाणिज्य आणि कायदा या दोन्ही विषयांच्या पदव्या घेऊन हा तरुण राजपत्रित अधिकाऱ्याच्या जागेसाठी निवडला गेला. त्या काळी खेड्यातल्या घराला याहून मोठी पदवी ठाऊक नव्हती. परंतु गौराबाईंनी मुलाला निराळाच सल्ला दिला. नोकरीने एका घराचे भागेल. ज्याने माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही पोट भरेल, असे काही कर, असा त्या बोलण्याचा आशय होता. ही बाई शाळेत फारशी शिकलेली नव्हती. तिच्या सल्ल्यात मला जीवदयेची जी व्याप्ती दिसते, ती कित्येक व्याख्यानांत आढळत नाही. तीन पिढ्यांच्या बचतीतून साठलेले सात हजार रुपये भांडवल घेऊन १९६३ मध्ये जळगावात रॉकेलच्या विक्रीपासून धंद्याचा आरंभ झाला. पुढे ट्रॅक्टर, बियाणे, खते, कीटकनाशके आणि नळ यांच्या एजन्सी आल्या. १९७८ मध्ये केळीच्या भुकटीचा एक बंद पडलेला कारखाना तीस लाखांना घेऊन त्यात पपईच्या चिकापासून पपेन काढण्यास प्रारंभ झाला. १९८० पासून पीव्हीसीचे नळ आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन, असा तो क्रम आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. श्रावकाने शेती करावी काय?

आपल्यापैकी अनेकांच्या मनात याचे उत्तर ‘नाही’ असे ठसलेले आहे. नांगराच्या फाळाखाली असंख्य जीव मरतात. म्हणून आपण व्यापार पत्करला, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. तिला आधारही आहे. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘स्फोटकर्म’ येते, म्हणजे जमीन फोडण्याचा धंदा. परंतु ही यादी ज्या आगमात आहे, त्या उपासकदशांगाचा पहिला अध्याय वाचावा. भगवान महावीरांचा आदर्श उपासक म्हणून तेथे वाणिज्यग्रामचा आनंद गाथापती येतो. त्याच्याकडे चार कोटी सुवर्णमुद्रा निधीत, चार कोटी व्यवहारात, चार कोटी घरसंसारात आणि दहा-दहा हजार गायींची चार गोकुळे होती. व्रत घेताना त्याने आपल्या जमिनीची जी मर्यादा ठरवली, ती पाचशे नांगरांची! पंधरा कर्मादानांचा उपदेश याच आनंदाला झाला आणि पाचशे नांगर बाळगणाऱ्या याच गृहस्थाला आगमाने श्रावकांत अग्रस्थान दिले. टीकाकारांनी या दोहोंचा मेळ निरनिराळ्या प्रकारे घातला आहे. मला एवढेच जाणवते की, आगमाने शेतकऱ्याला धर्माच्या दाराबाहेर उभे केलेले नाही.

दिगंबर परंपरेत तर प्रश्न याहून स्पष्ट आहे. जिनसेनाचार्यांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांनी प्रजेला सहा कर्मे शिकवली: असि, मसि, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प. कृषी येथे वाणिज्याच्या आधी येते. भातकुलीच्या क्षेत्रावर ज्यांच्या दर्शनाला आपण जातो, ते आदिनाथ हेच. भोजकट नगरीच्या आणि रुक्मीच्या कथेमुळे या गावाला प्राचीनतेचे वलय आहे, ते असो; परंतु ज्यांनी माणसाला पेरणी शिकवली त्यांचे क्षेत्र कापूस-तुरीच्या शिवारात उभे आहे, हा योग मला त्या कथेहून अधिक अर्थपूर्ण वाटतो. दहाव्या शतकातील सोमदेवसूरींनी शेतकरी आणि कोळी यांची तुलना केली आहे. कोळ्याच्या जाळ्यात दिवसभर एकही मासा न सापडला तरी तो हिंसेचा भागीदार होतो, कारण त्याचा संकल्पच मारण्याचा असतो. शेतकऱ्याच्या हातून जीव मरूनही त्याचा संकल्प धान्य पिकवण्याचा असतो. आरंभी, उद्योगी, विरोधी आणि संकल्पी या चार हिंसांपैकी गृहस्थाने सर्वथा सोडावयाची ती संकल्पी. शेतीतील हिंसा उद्योगी आहे. ती शून्य होत नाही, परंतु कमी करता येते. आणि ती कमी करण्याची कला हाच शेतकरी श्रावकाचा स्वाध्याय.

या दृष्टीने ठिबकाकडे पाहिले म्हणजे त्यात यंत्राहून अधिक काही दिसते. आपल्याकडे पाण्याला अप्काय म्हणतात, पाणी हाच जीव. पाणी गाळून घ्यावे, गाळण्यातील जिवाणी जेथून पाणी घेतले तेथेच परत सोडावी, पाणी तुपासारखे वापरावे, हे संस्कार आपल्या स्वयंपाकघरांत अजून टिकून आहेत. स्वयंपाकघरात जो संस्कार आहे तो शेतात का नसावा? पाटाने पाणी सोडले की निम्म्याहून अधिक भाग पिकाच्या मुळाशी न पोचता वाया जातो, शिवाय तण वाढते आणि तण काढताना पुन्हा हिंसा. ठिबकाचे पाणी थेंबाथेंबाने मुळाशी पडते. हे तंत्र इस्रायलमध्ये सिमखा ब्लास यांनी विकसित केले. भवरलालांनी ते जळगावच्या केळीबागांत आणि लहान शेतकऱ्याच्या दोन-चार एकरांत रुजवले. या कामासाठी १९९७ मध्ये त्यांना अमेरिकेतील सिंचन क्षेत्राचा क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार आणि २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. (ठिबकाला पाणी गाळून द्यावे लागते, नाहीतर छिद्रे बुजतात. आपल्या आजींना हे ऐकून समाधान वाटले असते.)

येथवर सारे गोड आहे. परंतु केवळ गोड सांगून हे सदर चालत नाही.

त्याच पंधरा कर्मादानांत ‘विषवाणिज्य’ हा एक प्रकार आहे. वऱ्हाडातील कोणत्याही तालुक्याच्या पेठेत फिरा, कृषी केंद्रांच्या पाट्यांवर आपल्या समाजातील आडनावे दिसतील. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधे कोणत्या ना कोणत्या दुकानातूनच गेली होती. नांगराच्या फाळाखाली मुंगी मरेल म्हणून शेती सोडणारे आपण, गल्ल्यावर बसून जे विकतो त्याचा हिशेब कोणत्या खात्यात लिहितो? भवरलालांच्या धंद्याच्या आरंभीच्या वर्षांतही कीटकनाशकांची एजन्सी होती, हे लपवण्याचे कारण नाही. परंतु पुढील आयुष्यात त्यांच्या उद्योगाचा भार पाणी, रोपे आणि फळप्रक्रिया यांवर गेला. विषाच्या व्यापारातून निघण्याची वाट बहुधा अशीच असते. रातोरात दुकान बंद करा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु बाटलीबरोबर हातमोजे आणि तोंडाला मुखपट्टी देणे, दोन विषारी औषधांचे मिश्रण करून मागणाऱ्यास ठामपणे नकार देणे, उधारीच्या मोबदल्यात महागडी बाटली गळ्यात न मारणे, एवढे तर आजच करता येते. दसलक्षणातील दहा दिवसांच्या उपवासाहून हे सोपे आहे, आणि कदाचित अधिक अवघडही.

भवरलालांच्या चरित्रातील आणखी एक प्रसंग व्यापारी घरांनी लक्षात ठेवावा असा आहे. नव्वदीच्या दशकात त्यांनी मूळ वाट सोडून वित्तव्यवहार, संगणक इत्यादी अनेक क्षेत्रांत भांडवल गुंतवले आणि मोठा तोटा सोसला. त्यांनी आपली चूक भागधारकांसमोर उघडपणे कबूल केली आणि ते पुन्हा शेतीकडे वळले. संवत्सरीला आपण घरोघरी ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो, आता तर ते मोबाईलवर एका बोटाने शंभर जणांना पाठवतो. ज्याचे पैसे बुडाले त्याच्यासमोर उभे राहून क्षमा मागणे ही क्षमापना निराळी. त्यांच्या निधनानंतर, २०१९ मध्ये, कंपनी पुन्हा कर्जाच्या संकटात सापडली आणि धनकोंशी तडजोड पूर्ण होण्यास २०२२ उजाडले, हेही नोंदवले पाहिजे. विस्ताराचा मोह आणि परिग्रहाचे परिमाण यांचा झगडा मोठ्या माणसांच्या पश्चातही चालूच राहतो.

परदेशी शेतकऱ्यांची एक हकीकत येथे आठवते. १७९६ मध्ये नॉर्वेतील हान्स नील्सेन हाऊगे नावाच्या शेतकरीपुत्राला शेतात नांगरता नांगरता धर्मप्रेरणा झाली. तो हजारो कोस पायी हिंडला, चालता चालता मोजे विणीत असे, म्हणजे वेळ वाया जाऊ नये! त्याने गिरण्या आणि व्यापारी पेढ्या उभारल्या, अनुयायांना काटकसर आणि चोख व्यवहार शिकवला. परवान्याशिवाय धर्मोपदेश केल्याबद्दल १८०४ मध्ये त्याला तुरुंगात टाकले; मध्यंतरी देशात मिठाचा दुष्काळ पडला तेव्हा मिठागरे उभारण्यासाठी त्याच सरकारने त्याला बाहेर काढले. ४ जुलै १८२५ रोजी स्टाव्हांगर बंदरातून ‘रेस्टौराश्योन’ नावाचे लहानसे गलबत बावन्न माणसे घेऊन अमेरिकेस निघाले, त्यांत क्वेकर पंथीय आणि हाऊगेच्या विचारांची माणसे होती. वाटेत एक मूल जन्मले आणि न्यूयॉर्कला त्रेपन्न जण उतरले. पुढे त्यांनी इलिनॉय प्रांतातील काळ्या मातीत शेती केली. त्यांचा धर्म निराळा, आहार निराळा, हिंसा-अहिंसेची कल्पनाही निराळी. तरीही नांगर आणि वही ही दोन्ही धर्माचीच साधने आहेत, अशी त्यांची श्रद्धा होती, आणि त्या बाबतीत आगोलाईहून निघालेले कुटुंब त्यांना परके वाटले नसते.

भातकुलीसाठी या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. जळगावचे उत्तर आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाही. भातकुली, दर्यापूर हा पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्टा. विहीर खोदली तर पाणी खारे, ते पाजले तर काळी जमीन चोपण होते, पावसात चिखल आणि उन्हात दगड. ठिबकाने खारे पाणी गोड होत नाही. येथे उपाय आहे तो पावसाच्या पाण्याचा: शेततळे, बांधबंदिस्ती, उताराला आडवी पेरणी, आणि त्या साठवलेल्या पाण्यावर तुरीला किंवा हरभऱ्याला एक-दोन संरक्षक पाळ्या तुषार किंवा ठिबक पद्धतीने. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने या पट्ट्यासाठी संशोधन केले आहे. जमिनीत पैसा घालण्यापूर्वी तेथील सल्ला घ्यावा आणि माती व पाणी दोन्ही तपासून घ्यावे.

आपल्या अनेक घरांची या पट्ट्यातील शेते मक्त्याने दिलेली असतात. मालक अमरावतीत राहतो, वर्षाला मक्त्याची रक्कम घेतो, आणि शेततळ्याचा खर्च मक्तेदाराने करावा अशी अपेक्षा ठेवतो. एक वर्षाच्या मक्त्यावर कोणता शेतकरी दुसऱ्याच्या जमिनीत तळे खोदील? मक्ता पाच-सात वर्षांचा करून तळ्याचा खर्च मालकाने उचलावा, हे व्यवहाराच्या दृष्टीनेही तोट्याचे नाही. गौराबाईंच्या सल्ल्यातील पशुपक्षी त्या तळ्यावर पाणी प्यायला येतील ते निराळेच.

आनंद श्रावकाच्या परिग्रह-परिमाणाची यादी नांगरांवर संपत नाही. त्यात गाड्या, नौका, वस्त्रे, फळे, एवढेच काय, दात घासण्याच्या काडीचीही मर्यादा आहे. ती संपूर्ण यादी पुढील अंकात पाहू.