मुक्या जनावराचे पथ्य

माणसाचे पोट बिघडले की बडोद्याच्या वाडी भागातल्या मराठी घरांत मऊ भात शिजतो. दारातल्या कुत्र्याचे बिघडले, तर मात्र त्याच्यापुढे दूध-पोळी, नाहीतर पूजेचा उरलेला शिरा ठेवला जातो. हेतू चांगला, पण परिणाम उलटा! वाढ झालेल्या पुष्कळ कुत्र्यांना दूध पचत नाही. शिऱ्यातले बेदाणे त्यांच्या मूत्रपिंडांना घातक ठरू शकतात. आमटीतल्या कांदा-लसणाने त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटतात.

वास्तविक पथ्याचा खाऊ घरी सहज होतो. येथील बाजारात ‘कोळुं’ म्हणून मिळणारा लाल भोपळा उकडून कुस्करावा, त्यात तांदळाची पिठी मळावी आणि लहान चकत्या थापून तव्यावर मंद आचेने दोन्ही बाजूंनी भाजाव्यात. मीठ, साखर, तूप, फोडणी काही नको. निवल्यावर एखादा तुकडा द्यावा. सोसला तर आणखी. पाणी सतत जवळ असावे.

परंतु पथ्य म्हणजे औषध नव्हे. आजारी पिल्लू असेल, शौचावाटे रक्त पडत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर चकत्या थापत बसू नये. त्याच दिवशी पशुवैद्य गाठावा. पार्व्होसारख्या रोगात पिल्लू दोन-तीन दिवसांतही दगावते.

भूतदयेचा अभिमान आपण नेहमी सांगतो. मग घास टाकण्यापूर्वी तो त्या जिवाला पचेल का, एवढा विचार करणे हे सुशिक्षितांचे कर्तव्यच नव्हे काय?